घरच्या इंटरनेटसाठी वेगवान आणि खासगी डीएनएस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे मराठीत छापले असले, तरी राउटरमध्ये किंवा फोनमध्ये टाकताना इंग्रजी अंक आणि इंग्रजी अक्षरंच टाका. देवनागरी १ राउटरला कळत नाही.

१. डीएनएस म्हणजे नेमकं काय? माझ्याकडे आत्ता कोणता चालू आहे?

आपण संकेतस्थळाचं नाव टाकतो, पण जोडणी होते ती आकड्यांच्या पत्त्याशी. नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. तिचा आराखडा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडला. त्याआधी जगभरची नावं एकाच फाइलमध्ये ठेवली जात.

तुम्ही काही बदललं नसेल, तर तुमच्या इंटरनेट कंपनीचाच डीएनएस चालू आहे. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ दिलं की ‘डीएनएस सर्व्हर्स’ अशी ओळ दिसते. तिथे बहुधा १९२.१६८.१.१ सारखा घरच्या राउटरचाच पत्ता असतो. म्हणजे विचारणा राउटरकडे जाते आणि राउटर ती पुढे कंपनीकडे पाठवतो.

२. डीएनएस बदलला की नेटचा स्पीड वाढतो का?

नाही. १०० एमबीपीएसचा प्लॅन १०० चाच राहतो. डाउनलोड, व्हिडिओ कॉल, गेममधला लॅग यांत सहसा फरक पडत नाही (अपवाद प्रश्न १४ मध्ये), कारण पत्ता एकदा सापडला की डीएनएसचं काम संपलेलं असतं.

फरक पडतो तो पान उघडायला सुरुवात होण्याआधीच्या क्षणात. बातम्यांच्या एका पानामागे जाहिराती, फॉन्ट, चित्रं, वाचकांची मोजणी अशी कितीतरी वेगळी नावं असतात आणि प्रत्येकाचा पत्ता विचारावा लागतो. एकदा मिळालेलं उत्तर ठरावीक काळ फोन आणि राउटर लक्षात ठेवतात, त्यामुळे दुसऱ्यांदा तेच पान उघडताना डीएनएसचा संबंध फारसा येत नाही. स्पीड टेस्ट चांगली येते, पण पान उघडण्याआधी दोन-तीन सेकंद नुसतं गोल फिरत राहतं, असं होत असेल तर डीएनएसवर संशय घ्यायला हरकत नाही.

३. फार खोलात जायचं नाही. थेट नाव सांगा.

बहुतेक घरांना यातला एक पुरतो :

- क्लाउडफ्लेअर : १.१.१.१ आणि १.०.०.१. काहीही गाळत नाही.
- क्लाउडफ्लेअरचाच घातक संकेतस्थळं अडवणारा : १.१.१.२ आणि १.०.०.२. त्यात प्रौढ मजकूरही अडवायचा असेल तर १.१.१.३ आणि १.०.०.३.
- क्वाडनाइन : ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२. फसवी आणि घातक संकेतस्थळं अडवतो. विना-नफा संस्था आहे आणि २०२१ पासून तिचं कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये आहे.
- गूगल : ८.८.८.८ आणि ८.८.४.४. २००९ पासून चालू आहे.
- अ‍ॅडगार्ड : ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५. जाहिराती आणि माग काढणारी नावं गाळतो.

आमचं मत विचाराल तर, ज्या घरात आईवडील एकटे राहतात तिथे क्वाडनाइन. ‘वीजबिल भरलं नाही, आज रात्री कनेक्शन कापणार’ असल्या मेसेजमधली लिंक चुकून दाबली गेली आणि ते नाव यादीत आलेलं असेल, तर पानच उघडत नाही. फोन करून ओटीपी मागणाऱ्याला मात्र कोणताही डीएनएस थांबवू शकत नाही. बाकीच्यांनी क्लाउडफ्लेअर आणि गूगल दोन्ही मोजून पाहावेत (प्रश्न ४) आणि नोंदी कोण किती ठेवतो ते प्रश्न ९ मध्ये पाहून ठरवावं.

४. माझ्या घरातून कोणता वेगवान, हे कसं मोजायचं?

इंटरनेटवरचे तक्ते पाहू नका. ते दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून, दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर मोजलेले असतात.

रात्री ९ ते ११ मध्ये मोजा, कारण गर्दी तेव्हाच असते. शक्य असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. वायफायच्या भिंतीपलीकडून मोजलं तर आकडे वायफायचे येतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग -एन २०’ आणि पुढे सर्व्हरचा पत्ता द्या. वीस फेऱ्यांनंतर शेवटी सरासरी मिलिसेकंद आणि किती फेऱ्या हरवल्या हे दिसतं.

हरवलेल्या फेऱ्या आधी बघा. एकाची सरासरी ४ आणि दुसऱ्याची ९ मिलिसेकंद असेल, तर हा फरक माणसाला जाणवतच नाही. पण विचारणा वाटेत हरवली तर फोन उत्तराची वाट बघत थांबतो आणि मग पुन्हा विचारतो, यात सहज सेकंद जातो. म्हणून वीसमधल्या दोन फेऱ्या हरवणारा ४ मिलिसेकंदवाला सर्व्हर घेण्यापेक्षा एकही न हरवणारा १२ वाला घ्यावा.

पिंग फक्त जाण्या-येण्याचा वेळ दाखवतो, उत्तर शोधायला लागणारा नाही. त्यासाठी मॅक आणि लिनक्सवर ‘डिग’ ही कमांड आहे. तिच्या शेवटी ‘क्वेरी टाइम’ छापून येतो. विंडोजवर स्टीव्ह गिब्सन यांचा ‘डीएनएस बेंचमार्क’ हा छोटा प्रोग्रॅम चालवा.

आणखी एक तपासणी करण्यासारखी आहे. डीएनएस १.१.१.१ वर ठेवून ब्राउझरमध्ये १.१.१.१ लिहा आणि तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘हेल्प’ जोडा. उघडलेल्या पानावर डेटा सेंटरसमोर विमानतळाचा तीन अक्षरी संकेत दिसतो. बीओएम म्हणजे मुंबई, एमएए म्हणजे चेन्नई, एसआयएन म्हणजे सिंगापूर. पुण्यात बसून सिंगापूर दिसत असेल तर दोष सर्व्हरचा नाही, तुमची कंपनी वाहतूक लांबून फिरवते आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत जवळपास ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद नुसत्या अंतरातच गेले. समुद्रातली केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतात. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचा डीएनएस मुंबईतून उत्तर देतो का ते बघा.

५. न्यू जर्सीतल्या भावाने सुचवलेला डीएनएस तिकडे सुसाट चालतो. इथे का नाही?

कारण १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हा एकच संगणक नाही. तोच पत्ता जगभरच्या कितीतरी शहरांतून जाहीर केलेला असतो आणि तुमची विचारणा कंपनीच्या वाटांप्रमाणे त्यांतल्या एकाकडे जाते. भावाला उत्तर देणारं यंत्र वेगळं, तुम्हाला देणारं वेगळं. नाशिकमधल्या दोन शेजाऱ्यांची ब्रॉडबँड कंपनी वेगळी असेल तर त्यांचेही आकडे जुळणार नाहीत.

६. राउटरमध्ये डीएनएस कुठे आणि कसा बदलायचा?

राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याचा पत्ता आणि लॉगिन छापलेलं असतं. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९.१. तो ब्राउझरमध्ये टाकून आत जा आणि आधी आत्ताच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा.

डीएनएसची जागा दोन ठिकाणी असते. ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या पानावर बदललं तर राउटर स्वतः कोणाला विचारतो ते बदलतं. ‘लॅन’ किंवा ‘डीएचसीपी’ या पानावर बदललं तर घरातल्या फोन-लॅपटॉपना थेट नवा पत्ता दिला जातो. आम्ही डीएचसीपीची जागा सुचवतो, कारण तिथे हात लावल्याने जोडणी तुटत नाही. वॅनच्या पानावर केबलवाल्याने टाकलेलं पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड असतो. तो चुकून पुसला गेला की त्याला फोन करून बोलावण्याशिवाय गत्यंतर नाही.

सेव्ह केल्यावर प्रत्येक उपकरणाचं वायफाय एकदा बंद करून चालू करा. जुना पत्ता तोपर्यंत तसाच राहतो. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ दिलं की साठवलेली जुनी उत्तरंही जातात.

काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ही जागा कुलूपबंद असते. मग प्रत्येक उपकरणावर वेगवेगळं बदलावं लागतं (प्रश्न १० आणि ११) किंवा त्या राउटरमागे स्वतःचा राउटर जोडावा लागतो.

७. राउटरमध्ये बदललं, तरी तपासणीत जुन्याच कंपनीचं नाव येतं. काय चुकलं?

बऱ्याच वेळा उत्तर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी, लांब पद्धत, हे असतं. तुम्ही बदलला तो आयपीव्ही४ चा, म्हणजे १.१.१.१ सारख्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा डीएनएस. त्याच वेळी राउटर आयपीव्ही६ वरून कंपनीचा डीएनएस वाटतच असतो आणि फोन तो आनंदाने वापरतो. राउटरमध्ये आयपीव्ही६ डीएनएसची वेगळी जागा शोधा आणि तिथे क्लाउडफ्लेअरसाठी २६०६:४७००:४७००::११११, गूगलसाठी २००१:४८६०:४८६०::८८८८ टाका. जागाच नसेल तर उपकरणावर एन्क्रिप्टेड, म्हणजे वाटेत कोणाला वाचता न येणारा डीएनएस लावा (प्रश्न ९ ते ११). आयपीव्ही६ बंद करून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो आम्हाला पटत नाही. अनेक भारतीय जोडण्यांवर आयपीव्ही४ शेकडो घरांत वाटून दिलेला असतो आणि आयपीव्ही६ ची वाट सरळ असते.

ते नसेल तर ब्राउझर पाहा. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये स्वतःचं ‘सिक्युअर डीएनएस’ सेटिंग असतं आणि ते राउटरला विचारत नाही. तेही नसेल तर पुढचा प्रश्न.

८. कंपनी माझ्या विचारणा मध्येच अडवून स्वतःच उत्तर देते का?

काही कंपन्या देतात. साधी डीएनएस विचारणा पोर्ट ५३ वरून (पोर्ट म्हणजे त्या कामासाठी ठरलेलं क्रमांकाचं दार) उघडी जाते, त्यामुळे ती वळवणं सोपं असतं. तुम्ही पत्ता गूगलचा टाकलेला असतो, उत्तर मात्र भलताच देतो.

तपासायचं असं : कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’, मग कोणतंही संकेतस्थळ, मग १९२.०.२.१ हा पत्ता, मध्ये एकेक स्पेस. हा पत्ता पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथे कोणताच सर्व्हर नाही. त्यामुळे ‘टाइम्ड आउट’ येणं हेच बरोबर. तिथूनही संकेतस्थळाचा पत्ता मिळाला, तर मध्ये कोणीतरी बसलं आहे. उपाय एकच : एन्क्रिप्टेड डीएनएस.

९. १.१.१.१ टाकलं म्हणजे खासगीपणा मिळाला, बरोबर ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. नुसता आकडा बदलला की फक्त उत्तर देणारा बदलतो. विचारणा पोस्टकार्डासारखी उघडीच जाते. वाटेवरची तुमची कंपनी ती वाचू शकते. आंतरदेशीय पत्रासारखी बंद करायची तर डीएनएस ओव्हर टीएलएस लागतो, जो २०१६ मध्ये प्रमाणित झाला आणि पोर्ट ८५३ वापरतो. नाहीतर डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस, २०१८ चा. तो पोर्ट ४४३ वरून जातो, त्यामुळे नेहमीच्या वेब वाहतुकीत मिसळून जातो.

बंद केल्यावरही कंपनीला दोन गोष्टी दिसतात : तुम्ही कोणत्या आयपी पत्त्याशी जोडले गेलात आणि जोडणीच्या पहिल्या पाकिटात उघडं लिहिलेलं संकेतस्थळाचं नाव. हे नावही झाकणारं एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो हे तंत्र आलं आहे, पण ब्राउझर आणि संकेतस्थळ दोघांनीही ते वापरलं तरच उपयोग.

आणि आता तुमची यादी नव्या सर्व्हरवाल्याच्या हातात आहे. क्वाडनाइन विचारणाऱ्याचा आयपी पत्ता नोंदवत नाही. क्लाउडफ्लेअर आपल्या नोंदी २५ तासांत पुसतो असं जाहीर करतो. गूगल पूर्ण आयपी पत्ता असलेल्या तात्पुरत्या नोंदी २४ ते ४८ तास ठेवतो. भारतात सर्ट-इन या सरकारी संगणक-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या कंपन्यांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस सांभाळाव्या लागतात. कोणावर भरवसा ठेवायचा, हे यावरून तुम्ही ठरवायचं.

१०. अँड्रॉइड फोनवर कसं लावायचं?

अँड्रॉइड ९ किंवा पुढचं हवं. सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत ‘प्रायव्हेट डीएनएस’ टाका, कारण प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या मेन्यूत लपवलं आहे. ‘ऑटोमॅटिक’ऐवजी होस्टनेमचा पर्याय निवडा. इथे आकडे चालत नाहीत, नाव लागतं. १.१.१.१ टाकलं की सेव्हचं बटण दाबताच येत नाही, असं सांगणारे मेल आठवड्याला येतात.

क्लाउडफ्लेअरसाठी इंग्रजी ‘वन’ हा शब्द चार वेळा, मध्ये टिंब देऊन. गूगलसाठी डीएनएस डॉट गूगल. क्वाडनाइनसाठी डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट, यात ९ हा आकडा. अ‍ॅडगार्डसाठी डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड-डीएनएस डॉट कॉम. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, शेवटी स्पेस राहू देऊ नका. हे मोबाइल डेटावरही चालतं, फक्त घरच्या वायफायवर नाही.

११. आयफोन आणि लॅपटॉपवर?

आयफोनच्या वायफाय सेटिंगमध्ये टाकलेला डीएनएस त्या एका वायफायपुरता आणि उघडाच असतो. एन्क्रिप्टेड हवा तर सर्व्हरवाल्याच्या संकेतस्थळावरून प्रोफाइल (सेटिंगची तयार फाइल) उतरवून बसवा, आयओएस १४ पासून हे जमतं. विंडोज ११ मध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस ‘मॅन्युअल’ करा, पत्ता टाका आणि त्याच चौकटीत डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस चालू करा.

१२. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायचं लॉगिन पानच उघडत नाही.

ते पान तुमची डीएनएस विचारणा वळवूनच दाखवलं जातं आणि एन्क्रिप्टेड विचारणा वळवता येत नाही. फोनवर ‘प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असा संदेश येतो. तात्पुरतं ‘ऑटोमॅटिक’ करा, लॉगिन करा, मग परत नाव लावा. ज्या केबलवाल्यांच्या नेटला दर महिन्याला लॉगिन पान येतं, तिथेही हेच करायचं.

१३. पहिला क्वाडनाइन, दुसरा गूगल असं मिसळून ठेवलं तर?

टाळा. ‘दुसरा’ फक्त पहिला बंद पडल्यावरच वापरला जातो, हे सगळीकडे खरं नाही. अनेक राउटर आणि फोन जो आधी उत्तर देईल त्याचं घेतात. क्वाडनाइनने अडवलेलं फसवं संकेतस्थळ मग गूगलकडून बिनदिक्कत उघडतं.

उलट, दोन्ही पत्ते एकाच कंपनीचे असतील तर ती कंपनी पडल्यावर घर अंधारात. १४ जुलै २०२५ ला क्लाउडफ्लेअरच्या चुकीच्या बदलामुळे १.१.१.१ आणि १.०.०.१ दोन्ही तासभर बंद होते. भारतात तेव्हा १५ तारखेची पहाट होती, म्हणून फारसं कोणाला कळलं नाही. काहीही न गाळणाऱ्या सेवांची जोडी, म्हणजे १.१.१.१ आणि ८.८.८.८, चालते. गाळणाऱ्यासोबत न गाळणारा नको.

१४. डीएनएस बदलल्यापासून व्हिडिओ जास्त अडकतात. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. व्हिडिओ कंपन्या तुमच्या जवळच्या साठ्याचा पत्ता देतात आणि ‘जवळ’ कुठे, ते विचारणारा डीएनएस कुठे आहे यावरून ठरवतात. गूगल तुमच्या पत्त्याचा सुरुवातीचा भाग पुढे कळवतो, त्यामुळे अंदाज बरोबर येतो. क्लाउडफ्लेअर आणि ९.९.९.९ खासगीपणासाठी कळवत नाहीत. तुमची विचारणा सिंगापुरात जात असेल (प्रश्न ४), तर व्हिडिओही तिथल्या साठ्यावरून येऊ शकतो. आठवडाभर ८.८.८.८ किंवा कंपनीचाच डीएनएस ठेवून फरक बघा. क्वाडनाइन सोडायचा नसेल तर ९.९.९.११ हा त्याचाच पत्त्याचा भाग कळवणारा प्रकार आहे.

१५. जाहिराती गाळणाऱ्या डीएनएसने यूट्यूबच्या जाहिराती जातात का?

नाही. त्या व्हिडिओ येतो त्याच नावांवरून येतात, नाव अडवलं तर व्हिडिओही जाईल. अ‍ॅपमधल्या पट्ट्या आणि बातम्यांच्या पानांवरच्या जाहिराती बऱ्याच कमी होतात. बदल्यात कॅशबॅकच्या आणि मेलमधल्या काही लिंक उघडत नाहीत, कारण त्या आधी मोजणीच्या नावावरून जातात.

१६. बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप चालू होत नाही.

तुम्ही डीएनएसचं अ‍ॅप बसवलं असेल तर ते फोनमध्ये व्हीपीएन म्हणून नोंदतं आणि काही बँकांची अ‍ॅप व्हीपीएन दिसला की अडतात. ते अ‍ॅप काढून प्रश्न १० मधला मार्ग घ्या, त्यात व्हीपीएन नसतो.

१७. सरकारने बंद केलेली संकेतस्थळं उघडतील का?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली बंदीचे आदेश निघतात आणि कंपन्या ते फक्त डीएनएसवरच नाही, तर जोडणीतलं नाव वाचूनही पाळतात. त्यामुळे डीएनएस बदलून बऱ्याचदा काही होत नाही. त्यासाठी म्हणून डीएनएस निवडू नका.

१८. मुलांसाठी १.१.१.३ लावलं. पुरे आहे का?

लहान मुलांसाठी बऱ्यापैकी. आठवीतला मुलगा प्रश्न १० वाचून पाच मिनिटांत ते ओलांडेल. त्याच्या फोनवर पालक-नियंत्रण लावून डीएनएसची सेटिंग बंद करणं जास्त परिणामकारक. मोबाइल डेटावर तर राउटरचं काहीच चालत नाही.

१९. ‘डॉट भारत’ची देवनागरी नावं दुसऱ्या डीएनएसवर चालतात का?

चालतात. ब्राउझर देवनागरी नाव आधी इंग्रजी अक्षरांच्या संकेतात बदलतो आणि तेच विचारतो. उघडत नसेल तर नावातली वेलांटी किंवा अनुस्वार तपासा.

२०. घरीच स्वतःचा डीएनएस बसवावा का?

हौस असेल तर जरूर. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम हा नावं गाळणारा प्रोग्रॅम बसतो आणि घरातलं कोणतं उपकरण कोणाला काय विचारतं ते दिसतं. स्मार्ट टीव्ही रात्री किती बोलतो, हे पाहून अनेकांना धक्का बसतो. अडचण एकच : राउटर इन्व्हर्टरवर आणि रास्पबेरी पाय नाही, असं असेल तर वीज गेली की वायफाय चालू दिसतं, पण एकही पान उघडत नाही. दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर ठेवा, रास्पबेरी पायचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून द्या आणि प्रश्न ६ मधला सेटिंगचा फोटो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनमध्येही ठेवा.